जुनी अंडर-ओव्हर बारा बोअर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळच्या पराटीच्या वावरात काय, भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत काय, रानडुक्कर आणि रोही यांच्यामुळे बंदुकीचा परवाना काढणारे शेतकरी पुष्कळ आहेत. परवाना मिळाला की कोणाची तरी एकावर एक नळी असलेली विलायती दुनळी (अंडर-ओव्हर) विकायला असल्याचं कानावर येतं आणि मोठी रक्कम मागितली जाते. खालचे प्रश्न अशा वेळी विचारले जातात. दुकानातून घ्या किंवा ओळखीतून, तपासणी तीच.

पीकरक्षणाच्या परवान्यावर अंडर-ओव्हर घेता येते का?

परवान्यावर काय लिहिलंय त्यावर ते ठरतं. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी आधी ठासणीची बंदूक धरली आहे. ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर होते. तुमच्या परवान्यात फक्त ठासणीची लिहिली असेल तर बारा बोअरचा सौदा करूच नका, आधी कलेक्टर ऑफिसातून बदल करून घ्या. शस्त्र खरेदीची मुदतही परवान्यावर असते, ती पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात.

परवाना म्हणजे जनावर मारायची मोकळीक नव्हे. रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव कायद्यात येतात. वनखात्याची लेखी परवानगी नसताना त्यांच्यावर बार काढला, तर पिकाचं नुकसान बाजूला राहतं आणि गुन्हा दाखल होतो.

बंदूक बघायला जाण्याआधी काय विचारायचं?

नंबर. अ‍ॅक्शनवर (नळ्या आणि दस्ता यांच्यामधला लोखंडी भाग), नळ्यांवर आणि फोरएंडच्या (नळ्यांखालचा, पुढच्या हाताने धरायचा भाग) लोखंडावर, तिन्ही ठिकाणी. विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या नंबराशी तो अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. तिन्ही भाग एकाच नंबराचे नसतील तर कधीतरी नळ्या किंवा फोरएंड बदललेला आहे. भाव तिथेच खाली येतो आणि नळ्या-अ‍ॅक्शनच्या जोडाची शंका वाढते. नंबर घासलेला, परत ठोकलेला किंवा पुसट करून ठेवलेला दिसला तर हातही लावू नका. ओळखखूण नसलेलं शस्त्र विकणं-घेणं कलम ८ नेच बंद आहे.

एका परवानाधारकाकडून दुसऱ्याने घ्यायची असेल तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. म्हणून पूर्ण पैसे आधी मोजू नका. बयाणा द्या आणि बाकीचे नोंद झाल्यावर.

मालक वारला असेल तर बंदूक ठाण्यात किंवा डीलरकडे जमा असायला हवी. घरातल्या माजघरात गुंडाळून ठेवलेली "बाबांची बंदूक" कितीही चांगली असली तरी जमा होऊन वारसाची कागदं झाल्याशिवाय तिचा सौदा होत नाही.

हातात घेतल्यावर पहिलं काम कोणतं?

नळ्या सुरक्षित दिशेला ठेवून बंदूक मोडा, म्हणजे बिजागरीवर उघडा. दोन्ही चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) डोळ्यांनी पाहा, बोट घालून पाहा. मालकाने "रिकामी आहे" म्हटलं तरी पाहा. मग फोरएंड काढून बाजूला ठेवा आणि बंदूक परत बंद करा. फोरएंड लावलेला असला की त्याचं लोखंड नळ्यांना मागे रेटून धरतं आणि ढिली बंदूकसुद्धा घट्ट वाटते. विकणारा फोरएंड काढू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

बंदूक ढिली झाली आहे हे नेमकं कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अंडर-ओव्हरचा भरवसा ब्रीचच्या जोडावर, म्हणजे नळ्यांची मागची बाजू अ‍ॅक्शनच्या भिंतीला टेकते त्या जागेवर असतो. दर बाराला नळ्या पुढे ओढल्या जातात आणि बिजागरी व तीत अडकणारा नळ्यांचा हूक थोडे थोडे झिजतात.

फोरएंड काढून बंद केलेली बंदूक एका हाताने मुठीजवळ धरा, दुसऱ्या हाताने नळ्या. आधी आडवं, मग उभं हलवा. आडवी हालचाल म्हणजे लॉकिंग बोल्ट (बंद बंदूक अडकवून धरणारी खीळ) किंवा बिजागरीचे खांदे झिजले आहेत. नळ्या पुढे-मागे हलत असतील, कटकट ऐकू येत असेल, तर नळ्या ब्रीचच्या भिंतीपासून सुटल्या आहेत. हे जास्त गंभीर.

आता बंदूक खिडकीकडे धरून ब्रीचच्या फटीतून पाहा. उजेडाची रेघ दिसता कामा नये. मेकॅनिकचा फीलर गेज मिळाला तर ०.०५ मिमीची पट्टी आत सरकते का ते पाहा. नसेल तर पातळ पतंगाचा कागद घ्या. फटीत धरून बंदूक बंद केल्यावर तो ओढून निघू नये, फाटला पाहिजे. वरच्या नळीशी वेगळं, खालच्या नळीशी वेगळं करून पाहा.

आणखी एक पक्की परीक्षा काजळीची. निरांजनाच्या ज्योतीवर चमचा धरून काजळी काढा, बोटाने ब्रीचच्या भिंतीवर पातळ पुसा, नळ्यांची मागची बाजू कोरडी पुसून बंदूक हलकेच बंद करा आणि उघडा. दोन्ही चेंबरभोवती काळा डाग सारखा उमटला तर जोड बसलेला आहे. फक्त वरच्या कडेला डाग आणि खाली स्वच्छ, म्हणजे खालची बाजू सुटली आहे. काम झालं की काजळी पुसून तेलाचा हात फिरवायला विसरू नका.

फट राहिली की काय होतं? काडतुसाला मागे सरकायला जागा मिळते, टोपीवर (काडतुसाच्या बुडातला, ठोसा बसताच पेटणारा भाग) पिनेचा ठोसा हलका बसतो, मिसफायर वाढतात, आणि प्रत्येक बाराला नळ्या भिंतीवर आदळून फट अजून वाढते. ढिली बंदूक लवकर आणखी ढिली होते ती यामुळेच.

"कारागिराने नुकतीच घट्ट करून दिली आहे" असं सांगतात. विश्वास ठेवावा का?

काम पाहून ठरवा. नळ्या अ‍ॅक्शनमधून पूर्ण काढा आणि बिजागरीत अडकणारा हूक उजेडात धरा. हुकाच्या गोलाईवर ओळीने ठिपक्यांच्या चकचकीत खुणा दिसल्या तर पंच मारून धातू फुगवला आहे. अशी बंदूक दुकानात घट्ट असते आणि थोड्याच बारांनंतर पूर्ववत होते. हुकावर पितळेची किंवा पत्र्याची पातळ चकती डागलेली दिसली तरी तेच.

खरी दुरुस्ती म्हणजे जाड बिजागरी-पिन बसवणं, हुकावर धातू भरून घडवणं, किंवा बेरेटासारख्या बंदुकीत बाजूच्या बदलता येणाऱ्या ट्रनियन (बिजागरीचे खुंटे) काढून मोठ्या मापाच्या बसवणं. असं काम झालं असेल तर भाव कमी करायचं कारण नाही, उलट थोडा जास्त द्यावा.

वरचा लिव्हर मधोमध येतो. ते चांगलं की वाईट?

नव्या बंदुकीत बंद केल्यावर हा बंदूक उघडायचा लिव्हर मध्यरेषेच्या थोडा उजवीकडे थांबतो. बोल्ट झिजतो तसा तो मध्यावर येतो, पुढे डावीकडे जातो. मध्यावर म्हणजे वापरलेली पण चालणारी. डावीकडे गेलेला म्हणजे काम निघालंय. मात्र फक्त लिव्हर पाहून निर्णय घेऊ नका. लिव्हर वाकवून किंवा बोल्टवर धातू चढवून तो उजवीकडे आणता येतो, फट तशीच राहते.

नळ्यांत काय पाहायचं?

कोरड्या फडक्याचा दांडा आतून फिरवून तेल पुसून काढा. तेलाने भरलेल्या नळीत खड्डे दिसत नाहीत, आणि काही विकणारे म्हणूनच ती भरून ठेवतात. मग नळी दाराच्या चौकटीकडे किंवा ट्यूबलाइटकडे रोखून हळूहळू फिरवा. आतल्या उजेडाच्या वर्तुळांची रेघ एखाद्या जागी मोडली, गडद कडं दिसलं, तर तिथे फुगवटा आहे. नळीत माती, गवत किंवा आधीच्या बाराचं वॅड (काडतुसातली बारूद आणि छर्रे यांच्यामधली गुडदी) अडकलेलं असताना बार काढला की असा फुगवटा येतो. बाहेरून दोन बोटं हलकी सरकवली तर तो हाताला लागतो. फुगलेली नळी घेऊ नका. पोचा वेगळा: तो आत आलेला असतो आणि चांगला कारागीर बऱ्याचदा काढू शकतो.

खड्डे मुख्यतः दोन ठिकाणी असतात: चेंबर संपून नळी अरुंद होते तिथे आणि तोंडाजवळच्या वीतभरात. हलक्या टिपक्यांनी बार बिघडत नाही. खोल, नखाला अडकणारे खड्डे चेंबरजवळ असतील तर सोडून द्या.

खड्डे घासून काढलेली नळी आणखी फसवी. आतून ती काचेसारखी लखलखते, पण भिंत पातळ झालेली असते. बारा बोअरचा नाममात्र व्यास १८.५ मिमी. बोअर गेज असेल तर ब्रीचपासून २३ सेंमीवर माप घ्या आणि नळीवर कोरलेल्या मापाशी ताडा. इंग्रजी प्रूफच्या (नळीची दाबाची अधिकृत चाचणी) बंदुकीत कोरलेल्या मापापेक्षा ०.२५ मिमीने बोअर वाढला की ती प्रूफबाहेर धरतात. भिंतीची जाडी कुठेही ०.५ मिमीच्या खाली गेलेली नसावी.

पट्ट्या, म्हणजे नळ्यांमधल्या आणि वरच्या रिब, सुटल्या आहेत का ते आवाजाने कळतं. नळ्या हुकाला दोरी बांधून टांगा आणि लाकडी चमच्याच्या टोकाने हलकेच टिचकी द्या. घंटेसारखा लांबणारा आवाज यावा. फुटक्या आवाजाची खरखर आली तर पट्टीचा डाग, म्हणजे कथील-शिशाचा सांधा, कुठेतरी उघडला आहे. बदलते चोक (नळीच्या तोंडाशी असलेला अरुंदपणा) असलेल्या नळ्यांचा नाद मुळातच कमी असतो, हे लक्षात ठेवा.

नवीकोरी काळी-निळी चकाकी पाहून भुलू नका. गरम क्षाराच्या टाकीत बुडवून केलेलं ब्लूइंग कथील-शिशाचा डाग खातं. जुन्या, डाग दिलेल्या नळ्यांना असं काम केलं की काही महिन्यांत पट्ट्या सुटतात आणि फटीत शिरलेला क्षार आतून गंज धरतो. कोरलेल्या अक्षरांच्या कडा गोल झालेल्या दिसल्या तर नळी आधी जोरात घासली गेली आहे.

लांबीही मोजा. ७११ मिमी किंवा ७६० मिमी अशी नेहमीची मापं सोडून विचित्र लांबी असेल, तोंडाशी दोन नळ्यांत फट असेल आणि चोक शून्य लागत असेल, तर तोंड कापलेलं आहे. कायद्याने नळी २० इंचांपेक्षा आखूड चालत नाही आणि कापलेल्या बंदुकीला भाव राहत नाही.

६५ आणि ७० मिमीची काडतुसं दोन्ही बसतात, मग फरक काय?

हा प्रश्न जिवाशी खेळणारा आहे. काडतुसावर लिहिलेली लांबी बार झाल्यानंतरच्या उलगडलेल्या खोळीची असते. तोंड दुमडलेलं ७० मिमीचं काडतूस ६५ मिमीच्या चेंबरमध्ये सहज बसतं, बंदूकही बंद होते. बार होताना मात्र दुमड उलगडून चेंबरच्या पुढच्या अरुंद भागात शिरते आणि दाब वाढतो. नळीवर ६५, ७० किंवा ७६ असा आकडा, किंवा इंचांत २½, २¾, ३ असा कोरलेला असतो. चेंबरच्या आकड्याइतकं किंवा त्याहून आखूड काडतूस चालतं, लांब नाही. आकडा सापडत नसेल तर चेंबर मोजून घेतल्याशिवाय बार काढू नका.

चोक कसा ओळखायचा? एलजी चालवता येईल का?

बहुतेक युरोपीय बंदुकांत ताऱ्यांची खूण असते: एक तारा फुल, दोन तारे पाऊण, तीन तारे अर्धा, चार तारे पाव. रशियन बैकलवर १.० किंवा ०.५ असे मिमीचे आकडे असतात. नेहमीच्या जोडीत खालची नळी मोकळी, वरची घट्ट.

खूण काहीही असो, खरी गोष्ट कागदावर कळते. ३६.५ मीटरवर, म्हणजे ४० यार्डांवर, मोठा कागद लावा. बार झाल्यावर छऱ्यांच्या दाटीभोवती ७६ सेंमी व्यासाचं वर्तुळ काढून भोकं मोजा. फुल चोकला सुमारे ७० टक्के, अर्ध्याला ६०, पावला ५५ आणि सरळ नळीला ४० टक्के छर्रे वर्तुळात यावेत. इंग्लिश मोजणीचा सहा नंबर, ३२ ग्रॅमचं काडतूस असेल तर आत जवळपास ३०० छर्रे असतात, म्हणजे फुल चोकची २१० च्या आसपास भोकं हवीत. दोन्ही नळ्यांच्या दाटीचे मध्य एकमेकांपासून वीतभराहून जास्त लांब पडत असतील तर नळ्या जुळवलेल्या नाहीत किंवा वाकल्या आहेत. यावर स्वस्त इलाज नाही.

एलजीसारखे मोठे छर्रे मोकळ्या चोकमधून जास्त नीट जातात. एकगोळी काडतूस फुल चोकमधून, विशेषतः जुन्या बंदुकीतून, टाळाच.

चाप आणि सेफ्टी कशी तपासायची?

दोन डमी, म्हणजे बारूद नसलेली काडतुसं लागतात. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत बसू नका, पिना तुटतात. डमी घालून बंद करा, सेफ्टी लावा आणि चाप जोराने ओढा. सोडा. मग सेफ्टी काढा. या क्षणी घोडा पडला तर बंदूक धोकादायक आहे, पुढची तपासणी थांबवा. नंतर सेफ्टी काढलेल्या स्थितीत दस्ता जाड रबरी चटईवर हलकेच आपटा. घोडा पडता कामा नये. चापाचा ताण साधारण १.६ ते २.२ किलो असावा. त्याहून हलका चाप वावरात, झुडपांत फिरताना नको.

एकच चाप असेल तर तो जडत्वावर चालतो की यांत्रिक, हे विचारा. जडत्वाच्या चापाला पहिल्या बाराचा धक्का लागल्याशिवाय दुसरी नळी लागू होत नाही. डमीवर तपासताना पहिल्यांदा ओढल्यावर दस्त्याच्या टोकाला तळहाताने थाप द्या, मग दुसरा घोडा पडेल. हे माहीत नसल्याने चांगल्या बंदुकीला बिघडलेली ठरवणारेही आहेत. उलट बाजू अशी, की पहिलं काडतूस फुसकं निघालं तर ऐन वेळी दुसरी नळी मिळत नाही. शेतावरच्या कामाला आमच्या मते दोन चापांची बंदूक सरस: कोणती नळी, कोणता छर्रा, बोटानेच ठरतं.

इजेक्टर महत्त्वाचा आहे का?

भावासाठी हो, कामासाठी फारसा नाही. इजेक्टर खोळ बाहेर उडवतो, एक्स्ट्रॅक्टर नुसती उचलतो. इजेक्टर असेल तर दोन्ही डमी बरोबर बाहेर उडाल्या पाहिजेत. एक्स्ट्रॅक्टर असेल तर दोन्ही सारख्या उचलल्या जाव्यात.

दस्त्यात कुठे पाहायचं?

लोखंड आणि लाकूड मिळतात तिथे. वरच्या पट्टीच्या मागे केसाएवढी चीर आणि मुठीजवळची आडवी चीर, या दोन नेहमीच्या. अंडर-ओव्हरचा दस्ता आतून लांब बोल्टने आवळलेला असतो. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे लाकूड आक्रसतं आणि बोल्ट ढिला पडतो. तसाच बार काढत राहिलं की धक्क्याने दस्ता चिरतो. लाकूड काळं पडून नखाने दबत असेल तर वर्षानुवर्षं बंदूक उभी ठेवून तेल आत झिरपलं आहे.

१९६० च्या दशकाची अखेर ते १९७० च्या दशकाची सुरुवात या काळातली ब्राउनिंग असेल तर मागच्या पट्टीचा स्क्रू काढून पाहा. त्या वर्षांत काही दस्त्यांचं लाकूड मिठाने सुकवलं होतं. स्क्रू गंजून खाल्लेला असेल तर दस्त्याखालचं लोखंडही आतून पोखरलेलं असायची शक्यता मोठी.

कोणती बनावट घ्यावी?

बैकलची इझ-२७ जड आणि ओबडधोबड दिसते, पण नळ्या आतून क्रोम केलेल्या असतात आणि आपल्या पावसाळ्यात तो मोठा फायदा. बेरेटाच्या ६८० मालिकेत दोन नळ्यांच्या मधल्या उंचीवर दोन शंकूसारख्या पिना लॉक करतात. अ‍ॅक्शन बुटकी राहते, झीज भरून काढता येते. ब्राउनिंगची सुपरपोज्ड १९३१ पासूनची रचना, खालून पूर्ण रुंदीची बिजागरी, दमदार. मिरोकू जपानी, ब्राउनिंगची सिटोरी तिथेच बनते. नाव मोठं असलं तरी वरची सगळी तपासणी करायचीच. नक्षीकामाची ढिली बंदूक घेण्यापेक्षा साधी, घट्ट बैकल घ्या.

भाव कसा ठरवायचा?

परदेशातल्या किमती इंटरनेटवर पाहून सौदा करू नका. १९८० च्या दशकापासून विलायती बंदुकांची व्यापारी आयात बंद असल्याने इथे त्या आहेत तेवढ्याच फिरतात आणि भाव टंचाईचा असतो. दोन-तीन डीलरांकडे त्याच बनावटीचा, तशाच स्थितीतल्या बंदुकीचा भाव विचारा. मग दोष लिहून काढा आणि प्रत्येकाच्या दुरुस्तीचा अंदाज कारागिराकडून घेऊन वजा करा. पिना आणि स्प्रिंग बदलता येतात. जोडाचं काम महाग, तेही जमणारे हात मोजकेच. फुगलेली, कापलेली किंवा पातळ नळी असेल तर वजाबाकी करत बसू नका. मूळ पेटी, जादा चोक, पहिल्या खरेदीची पावती असेल तर थोडं वर द्यायला हरकत नाही.

जागलीला अंडर-ओव्हर बरी की आडवी दुनळी?

माळ्यावर बसून काडतूस बदलायचं असेल तर आडवी. अंडर-ओव्हरमध्ये खालचं काडतूस काढायला बंदूक बरीच जास्त मोडावी लागते आणि अरुंद माळ्यावर नळ्या फांदीला अडकतात. आडव्या देशी दुनळीचे भाग मिळतात, दुरुस्ती सोपी. अंडर-ओव्हरचा फायदा म्हणजे डोळ्यासमोर एकच नळी, त्यामुळे नेम स्वच्छ, आणि खालच्या नळीचा धक्का सरळ खांद्यात येत असल्याने तोंड कमी उचलतं. नेमबाजीही करायची असेल तरच जादा पैसे मोजा.

बार काढून पाहायचा असेल तर?

डीलरच्या किंवा परवानगी असलेल्या रायफल क्लबच्या जागी, मालकाच्या हजेरीत. वावरात नाही. ताजी, एकाच पेटीतली काडतुसं वापरा. ओल धरून फुगलेल्या किंवा पितळ हिरवं पडलेल्या काडतुसांनी बंदुकीची परीक्षा होत नाही. बार न उडाल्यास नळी रोखलेलीच ठेवून ३० सेकंद थांबा, मग मोडा. प्रत्येक नळीची रिकामी खोळ जपून ठेवा: टोपीवरचा ठसा गोल, मधोमध आणि खोल असावा. ठसा उथळ असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा फट आहे. टोपी छेदली गेली असेल तर पिनेचं टोक खराब आहे, आणि ब्रीचच्या भिंतीवर भोकाभोवती जळाल्याचे खड्डे शोधा.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा होते. परत आल्यावर काय करायचं?

जमा करण्याआधी नळ्यांना आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात द्या, पावतीवर नंबर आणि स्थिती लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चामड्याच्या किंवा कापडी खोळीत देऊ नका, ती ओल धरते. परत आली की त्याच दिवशी फोरएंड काढून हुकाखाली आणि रिबच्या कडेला पाहा, गंज आधी तिथे धरतो. घरी ठेवताना तेल लावल्यावर काही दिवस तोंड खाली करून ठेवा, म्हणजे जास्तीचं तेल दस्त्यात न उतरता नळीतून निथळतं. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला फडकं फिरवा, आणि काडतुसं बंदुकीपासून वेगळी, कुलपात ठेवा.